केमोच्या आधी एक प्रश्न

तुमच्या पुतण्याला कॅन्सर निघालाय, आणि त्याला सगळ्यांनी सतत 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत राहावं, असं इथे सुचवलं गेलंय. हेतू चांगलाच आहे, पण माझ्या धाकट्या भावाला ते ऐकून रडू यायचं. २१व्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर (ल्युकेमिया), त्यातला वेगाने वाढणारा एएलएल प्रकार, निघाला. केमोच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी आईला बाहेर थांबवून त्याला विचारलं, "पुढे मुलं हवीत ना? मग आजच वीर्य गोठवून ठेवू." केमोच्या काही औषधांनी मूल होण्याची क्षमता कमी होते, कधी कायमची जाते, म्हणून हे पहिल्या डोसाआधीच करायचं असतं. संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, म्हणजे मी जगणार असं धरूनच चाललेत हे लोक." वीर्य गोठवल्याची ती पावती अजून त्याच्या फायलीत सगळ्यात वर आहे, रिपोर्टांच्याही वर.

मुलींचं अवघड आहे. स्त्रीबीज काढायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि अशा वेगाने वाढणाऱ्या ल्युकेमियात तेवढी सवड बहुतेकदा नसते. तरी विचारावं. घरातली मोठी माणसं संकोचाने गप्प बसतात, डॉक्टरही घाईत राहून जातात. तुमच्या पुतण्याची केमो अजून सुरू झाली नसेल, तर उद्या सकाळीच विचारून घ्या.