मंडल सिद्धांत म्हणजे 'संस्कृत नावाचा वास्तववाद'?

प्रबंधिका_चालू: एमएच्या प्रबंधिकेसाठी कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथातला मंडल सिद्धांत (राजाभोवतीच्या शत्रू-मित्र राज्यांच्या वर्तुळाचा) घेतलाय. आक्षेप दोन्ही बाजूंनी येतो. वॉल्ट्झशी (आंतरराष्ट्रीय राजकारण सत्तास्पर्धेतून समजावणाऱ्या वास्तववादाचा अभ्यासक) जुळलं तर 'यात नवीन काय?', नाही जुळलं तर 'हे भारतापुरतंच'. भारत-पाकिस्तान-अफगाणिस्तानवर लावून दाखवलं तर चालेल का?

उदासीन: नका लावू. शेजारी शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र, एवढंच उचललं की सिद्धांताचा नुसता नकाशा होतो. मग शेजारी असूनही मित्र असलेला भूतान कुठे बसवणार? कौटिल्यच सातव्या अधिकरणात (ग्रंथाच्या भागात) सामंतांचे, म्हणजे शेजारी राजांचे, अरिभावी (शत्रूसारखे), मित्रभावी (मित्रासारखे) आणि भृत्यभावी (सेवकासारखे) असे तीन प्रकार सांगतो.

खरा मुद्दा 72 प्रकृतींत (मंडलाच्या घटकांत) आहे. 12 राजे आणि प्रत्येकाच्या अमात्य (मंत्री-अधिकारी), जनपद (प्रदेश आणि प्रजा), दुर्ग, कोश (खजिना), दंड (सैन्य) या पाच, म्हणजे आणखी 60. वॉल्ट्झ (1979) आपल्या रचनेतून राज्यांचं अंतरंग मुद्दाम वगळतो. इथे कोश आणि जनपद थेट मंडलाच्या हिशोबात आहेत. जोर तिथे द्या. आणि मत्स्यन्याय (मोठा मासा लहानाला गिळतो) म्हणजे राज्यांमधली अराजकता असं लिहू नका, फार जण लिहितात. अर्थशास्त्रात तो राज्याच्या आत, दंड (इथे शिक्षेचा अधिकार) नसला तर काय होतं, यासाठी येतो.

तळटीप_वाचक: वरचं पटलं, पण त्याने 'भारतापुरतंच' हा आक्षेप सुटत नाही. त्यासाठी उदाहरण भारताबाहेरचं हवं. द्वैधीभाव घ्या: एकाशी संधी (तह), दुसऱ्याशी विग्रह (युद्ध). 23 ऑगस्ट 1939 चा जर्मन-सोव्हिएत करार आणि 1 सप्टेंबरचा पोलंडवरचा हल्ला. अर्थात हे वास्तववादीही समजावून सांगतील, म्हणून कौटिल्याचं भाकीत कुठे वेगळं पडतं आणि काय घडलं तर ते चुकलं म्हणायचं, हे प्रकरण उघडण्याआधी लिहून ठेवा. नाहीतर कौटिल्याच्या सहा गुणांपैकी (संधी, विग्रह, द्वैधीभाव यांसारख्या परराष्ट्र धोरणांपैकी) एखादा गुण कुठेही चिकटतोच.

प्रबंधिका_चालू: आणि 7.2 (सातवं अधिकरण, दुसरा अध्याय) मधलं 'लाभ सारखाच असेल तर संधी'?

तळटीप_वाचक: चांगलं आहे. कारणंही तिथेच आहेत: विग्रहात क्षय (हानी), व्यय (खर्च), प्रवास (घरापासून दूर जाणं). अडचण एकच, 'सारखा लाभ' मोजायचा कसा हे तुम्हाला ठरवावं लागेल.

उदासीन: संदर्भ कांगले यांच्या मुंबई विद्यापीठाच्या आवृत्तीतून अधिकरण-अध्याय-सूत्र असा द्या, संहिता 1960, इंग्रजी भाषांतर 1963. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात. 'मौर्यकालीन ग्रंथ' असंही ठामपणे लिहू नका, काळ आणि कर्तृत्व दोन्ही वादात आहेत. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.