मदत हवी आहे: रमजानात फौंड्रीच्या शिफ्ट कशा लावायच्या? (कुपवाड)

कुपवाडची_भट्टी:
कुपवाड एमआयडीसीत लहान फौंड्री आहे. ३४ कामगार, त्यातले ९ जण रोजे धरतात. दोघं भट्टीवर, बाकीचे मोल्डिंग (साचे बनवणं) आणि फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करणं). शिफ्ट ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. दुसऱ्या शिफ्टची जेवणाची सुट्टी संध्याकाळी ७ ला असते. भट्टीवाल्यांना महिनाभर हलकं काम द्यावं म्हणतोय. इफ्तारची सोय काय करावी? रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये धरून सांगा.

मिरज_स्टँड:
हलकं काम देऊ नका. त्यांनी मागितलेलं नसतं, आणि त्यांचा बोजा बाकीच्यांवर पडला की कुरबूर सुरू होते. काम तेच राहू द्या, वेळ बदला.

भट्टीवाल्यांना तिसरी शिफ्ट विचारून बघा. ऐकायला उलटं वाटेल, पण हिशोब असा: रोजा पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होतो. म्हणजे ११ ला आलेला माणूस सहा-साडेसहा तास हवं तेवढं पाणी पीत भट्टीपुढे उभा राहतो, आणि रोज्यात गरमीचं काम उरतं जेमतेम दीड तास. इशा (रात्रीची नमाज) आणि तरावीह (रमजानातली जादा नमाज) पावणेदहापर्यंत आटोपते, त्यामुळे तीही चुकत नाही. पहाटे पावणेपाचला सहरीसाठी (रोज्याआधीचं खाणं) अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात टॅपिंग (वितळलेला धातू बाहेर काढणं) येणार नाही अशा बेताने चार्ज लावा, म्हणजे भट्टीत माल भरा. तोटा एकच, दिवसाची झोप जोहरच्या (दुपारच्या) नमाजला मोडते. ज्यांना ते झेपत नाही त्यांना पहिली शिफ्ट.

दुसरी शिफ्ट भट्टीसाठी सगळ्यांत वाईट. तीनपर्यंत पोटातलं पाणी संपलेलं असतं आणि उकाडा तेव्हाच जास्त.

सुलेमान_सांगली:
वरच्याशी सहमत. दुसऱ्या शिफ्टला जे राहतील त्यांची सुट्टी ७ ची ६.३० करा. त्या दिवसांत सांगलीत सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो, महिनाभरात फरक दहा मिनिटांच्या आतबाहेर. रोजा सोडायला पाच मिनिटं, वजूला (नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं) पाच, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) तीन रकात (आवर्तनं) आणि त्यानंतरची सुन्नत नमाज मिळून दहा, मग खाणं. ४० मिनिटं पुरतात. फौंड्रीच्या काळ्या हातांनी वजू होत नाही, तेव्हा नळाजवळ साबण आणि स्वच्छ चटई टाकायला जागा ठेवा. नेमकी ही साधी गोष्ट राहून जाते.

नोटीस बोर्डावर मुंबईचं वेळापत्रक लावू नका. सांगली मुंबईच्या पूर्वेला, त्यामुळे इथली सहरी सात-आठ मिनिटं आधी संपते. मुंबईच्या वेळेवर खात बसलं तर रोजाच होत नाही. इफ्तारही इथे चार-सहा मिनिटं आधी. जवळच्या मशिदीचा छापील तक्ता मागून घ्या.

सामान, एका शिफ्टच्या ५ माणसांसाठी: खजूर पाव किलो, केळी ५, कलिंगड दीड-दोन किलो, पाणी माणशी एक लिटर, लिंबू सरबत साखर-मीठ घालून. भजी-समोसे प्रत्येकाला आवडतात, पण रिकाम्या पोटी तेलकट खाऊन परत भट्टीपुढे गेलं की मळमळतं. ते घरी. मटण-चिकन बाहेरून मागवू नका, हलालचा प्रश्न येतो. फळांना तो येत नाही.

कुपवाडची_भट्टी:
धन्यवाद. कुणाला चक्कर आली तर? आणि एकाला शुगर आहे.

डॉ_विश्रामबाग:
चक्कर, बोलण्यात गोंधळ, घाम एकदम थांबणं: लगेच सावलीत घ्या, अंगावर ओलं कापड, शुद्धीत असेल तर पाणी, आणि दवाखाना. ‘थोडाच वेळ राहिलाय’ म्हणून थांबू देऊ नका. शुगरवाल्याने ग्लुकोमीटर जवळ ठेवावा, बोट टोचून रोजा तुटत नाही. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा. गोळ्यांच्या वेळा रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, स्वतःच्या मनाने नाही.

सुलेमान_सांगली:
आजारपणामुळे सोडलेल्या रोज्याला दंड नाही. बरा झाल्यावर त्या एका दिवसाचा एक रोजा धरायचा. हे कामगाराला माहीत असतं, पण सुपरवायझरला माहीत असलं तर तो ठामपणे सांगू शकतो. धूळ नाकातोंडात गेली, तहानेने चूळ भरली, विसरून घोट घेतला, यानेही तुटत नाही. चूळ गिळली तर तुटतो.

आणि एक. त्या ९ मधला एखादा मध्येच रोजा धरत नसेल तर चारचौघांत कारण विचारू नका. तब्येत, प्रवास, काहीही असतं. बाकीच्यांनी डबे लपवून खायचीही गरज नाही.

मिरज_स्टँड:
दोन तारखा डिस्पॅचच्या कॅलेंडरवर आताच खुणा करून ठेवा. २६ व्या रोज्याची रात्र जागरणाची, दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला माणसं कमी धरा. ईद २९ व्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी, नाहीतर त्याच्या पुढच्या दिवशी, आणि ते रात्रीच कळतं. त्या दोन्ही दिवशी मोठी हीट (भट्टीची एक पूर्ण वितळ) लावू नका.