नांदूर मध्यमेश्वर: तारीख रविवार बघून की पाणी बघून?

ए-२०३: नमस्कार मंडळी. डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी बघायला जायचं चाललंय. एक मोठी बस करू, रविवार सगळ्यांना सोयीचा. नावं टाका.

बी-१०४: आम्ही चौघं. फ्लेमिंगो नक्की दिसतील ना? मुलांना तसं सांगून ठेवलंय.

डी-३०२: आज टँकर किती वाजता?

ए-२०३: ताई, टँकरचा ग्रुप वेगळा आहे 🙏

सी-४०१: फ्लेमिंगोचं मुलांना आताच काही सांगू नका. तिथे येतात, पण हजेरी लावायला बांधील नाहीत. आणि तारीख रविवार बघून ठरवू नका, पाणी बघून ठरवा.

बी-१०४: म्हणजे काय काका? पाणी तर असणारच ना, पाणथळ जागा आहे.

सी-४०१: पाणी किती, हा प्रश्न आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा ब्रिटिशांच्या काळातला बंधारा. शंभर वर्षं त्यात गाळ साचत गेला, त्यातून बेटं आणि उथळ डबकी तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने हे नुकसान, पक्ष्यांच्या हिशेबाने सोय. शेकाट्या हा लांब पायांचा पक्षी ढोपरभर पाण्यात चालून खातो. चमचा नावाचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत जातो. तलवार बदक शेपूट वर करून मान बुडवतं, तळाला चोच लागली तरच त्याचं पोट भरणार. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी सोडलेलं पाणी, सुटलं की बंधाऱ्याचा फुगवटा वाढतो, कडेचा चिखल बुडतो आणि ही मंडळी दुसरीकडे सरकतात. मग काठावरून लांबवर पाणकावळे आणि वारकरी पक्षी तेवढे दिसतात. लोक म्हणतात, 'यंदा पक्षीच आले नाहीत.' आलेले असतात हो!

ए-२०३: हे आधी कळणार कसं?

सी-४०१: चापडगावला पक्षी बघायचा मनोरा आहे, तिथल्या स्थानिक गाईडला दोन दिवस आधी फोन करायचा. पाणी चढतंय की उतरतंय एवढंच विचारायचं. उतरत असेल तर लगेच निघा, नुकताच उघडा पडलेला चिखल म्हणजे त्यांची पंगत. गाईडकडे स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, असतो, त्याचे पैसे वाचवू नका.

ए-५०१: माझ्याकडे दुर्बीण आहे, १० बाय ५०. चालेल?

सी-४०१: चालेल, पण हात हलतो. नवशिक्यांना ८ बाय ४२ बरी. आठपट मोठं दिसतं, भिंग ४२ मिलिमीटरचं, म्हणून सकाळच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ. कॅमेरेवाल्यांना एक विनंती: पक्षी उडवून फोटो काढायचा नाही. थंडीत त्यांना चरायला आणि पिसं सावरायला वेळ लागतो, आणि पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून आलेला असतो.

बी-१०४: मोबाईलवर आवाज लावला की जवळ येतात म्हणे?

सी-४०१: येतात, दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय असं समजून भांडायला येतात. मोबाईल खिशात ठेवा.

डी-३०२: आम्हालाही यायचंय. पांढरे कपडे चालतात का?

सी-४०१: मातकट, हिरवट घाला ताई. आणि अचानक सगळे वारकरी पाण्यावरून धावत सुटले तर आपल्याकडे बघू नका, वर बघा. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी फिरत असतो.

ए-५०१: हे रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ना?

सी-४०१: हो, राज्यातलं पहिलं, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. अभयारण्य त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

ए-२०३: बसचं काय मग? पन्नास माणसं एका मनोऱ्यावर...

सी-४०१: बस नकोच. दोन गाड्या, आठ-दहा जण, बाकीचे पुढच्या खेपेला. उजाडायच्या आत तिथे पोहोचायचं, सूर्य पाठीशी ठेवायचा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

ए-२०३: ठीक. पहिल्या खेपेची नावं संध्याकाळपर्यंत टाका. तारीख काका दोन दिवस आधी कळवतील.

बी-१०४: मधल्या वारी आली तर मुलांच्या शाळेचं काय?

सी-४०१: ते आवर्तन सोडणाऱ्यांना विचारा.

डी-३०२: टँकर आला का कोणाला माहीत?