रायझन ५ ३६०० सोबत आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड घ्यावे का? सल्ला हवा आहे

मनीषनगर_वरचा_मजला

सर्वांना नमस्कार. माझा संगणक मी २०२० साली नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणून जुळवला. त्यात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झचा आहे. या कार्डाने आजवर चांगली साथ दिली. मात्र आता ‘डूम: द डार्क एजेस’सारखे खेळ रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र रंगवण्याची) सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत, आणि ‘सायबरपंक २०७७’मध्ये बाजारातल्या गर्दीत शिरलो की मध्यम सेटिंगवरही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) चाळिशीच्या आसपास घसरतात.

पगारातून थोडे थोडे करून ऐंशी हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. पुन्हा पाच-सहा वर्षे बघावे लागू नये म्हणून एकदाच १६ जीबीचे आरटीएक्स ५०७० टीआय घेऊन टाकावे, असे मनात आहे. वडिलांचे म्हणणे असे की, खोली वरच्या मजल्यावर आहे, स्लॅब तापतो, तेव्हा आधी तिथे एसी बसवावा. रक्कम माझ्यासाठी मोठी आहे, म्हणून घाईने निर्णय घ्यायचा नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

धरमपेठकर

कार्ड उत्तमच आहे, त्याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच आहे की तुमच्या जुळणीत त्याला काम किती मिळेल. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि फोर-के वर ८२.९ लाख. ५०७० टीआय हे मुख्यतः शेवटच्या दोन पडद्यांसाठी घेण्याचे कार्ड आहे. शिवाय तुमचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रांपलीकडे काही दाखवूच शकत नाही, म्हणजे कार्डाने दीडशे फ्रेम तयार केल्या तरी त्यातल्या निम्म्या तुमच्या डोळ्यांपर्यंत पोहोचणार नाहीत.

दुसरी अडचण प्रोसेसरची, आणि ती पैसे खर्च करण्याआधी घरीच तपासता येते. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर सुरू करून कार्डाचा वापर किती टक्के होतो ते पडद्यावर दिसेल असे करा. मग त्याच बाजारात, त्याच वेळेला, त्याच वाटेने दोनदा फिरा: एकदा १०८०पी वर आणि एकदा रिझोल्यूशन (चित्रातील पिक्सेलची संख्या) ७२०पी करून. बाकीच्या कोणत्याही सेटिंगला हात लावू नका, विशेषतः गर्दीच्या घनतेला, कारण तिचा भार प्रोसेसरवर पडतो. रिझोल्यूशन उतरवल्यावर कार्डाचा वापर नव्वदच्या बराच खाली आला, तर त्या वेळी दिसणाऱ्या फ्रेम ही तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा समजा. कितीही महागडे कार्ड लावले तरी त्या जागी तुम्ही त्या आकड्याच्या फारसे वर जाणार नाही; उलट रे ट्रेसिंग चालू केल्यास प्रोसेसरचे काम वाढून तो आकडा आणखी खाली येईल.

ही चाचणी करून आकडे इथे द्या, मग पुढचे बोलू.

खामल्याची_ताई

तुमच्या वडिलांच्या बोलण्यात तथ्य आहे, असे मला मनापासून वाटते. ५०७० टीआय पूर्ण भारावर ३०० वॅट घेते, तुमचे १६६० सुपर १२५ वॅट. कार्डाने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या पुढे असताना, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली, संध्याकाळी चार तास खेळलात तर ३०० वॅटची शेगडी पायाशी ठेवून बसल्यासारखे होईल. नुसत्या कार्डाचे रोजचे १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट, बिलात दिसतील ते वेगळेच.

आपल्याकडे बहुतेक घरी खिडकीत कूलर असतो आणि संगणक नेमका त्याच्या झोतात ठेवलेला असतो. कृपया तसे करू नका. ओलसर हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना चिकटते आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो, जो ब्लोअरनेही निघत नाही. गेल्या जूनमध्ये मी माझे कार्ड उघडले तेव्हा तो थर टूथपिकने सोलून काढावा लागला.

एसएमपीएसविषयी स्वतःचा अनुभव सांगते. मी एकदा स्वस्तात ६५० वॅटचा घेतला होता. कंपनीचे नाव घेत नाही. खेळ ऐन रंगात आला की यंत्र एकदम बंद पडायचे. महिनाभर कार्डाला दोष दिल्यानंतर एसएमपीएसच्या बाजूचे स्टिकर वाचले, तर १२ व्होल्टच्या ओळीवर फक्त ३७ ॲम्पियर लिहिलेले होते, म्हणजे प्रत्यक्षात ४४४ वॅट, आणि कार्ड व प्रोसेसर दोघेही त्याच ओळीवर जगतात. ५०७० टीआयसाठी एनव्हिडिया ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तेव्हा तोही खर्च धरा. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. आणि कॅबिनेट आधी मोजून घ्या, कारण या कार्डाची अनेक मॉडेल ३० सेंटीमीटरपेक्षा लांब आहेत.

वर्धा_रोड_गेमर

मी थोडे वेगळे मत मांडतो. कार्ड पुढच्या जुळणीत नेता येते, त्यामुळे आज मोठे कार्ड घेऊन प्रोसेसर आणि मॉनिटर वर्षभराने बदलले तरी पैसे वाया जात नाहीत. बी४५० वरचा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० या जुन्या पिढीचा असला तरी ५०७० टीआय पूर्ण १६ लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) वापरते, त्यामुळे नुकसान किरकोळ राहते. मात्र वर्षभराने नक्की बदलणार असाल तरच हा मार्ग धरा.

मनीषनगर_वरचा_मजला

काल रात्री चाचणी केली. १०८०पी वर ४२ फ्रेम आल्या आणि कार्डाचा वापर ९९ टक्के होता. ७२०पी वर ६१ फ्रेम आल्या आणि वापर ७० च्या आसपास राहिला. एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टला ४५ ॲम्पियर आहेत.

धरमपेठकर

म्हणजे १६६० सुपर थकले आहे हे खरे, पण त्याच्या मागे ६१ फ्रेमवर ३६०० उभा आहे. ऐंशी हजार टाकून त्या बाजारात ४२ चे ६१ होतील, आणि ते तर निम्म्याहून कमी किमतीचे कार्डही करून दाखवील.

मी तुमच्या जागी असतो तर बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्याच मदरबोर्डवर रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसवला असता. तो मिळाला नाही तर साधा ५७००एक्स. सोबत १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी कार्ड. त्याला एएमडी ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा मानते, त्यामुळे तुमचा ५४० वॅट देणारा आहे तोच चालेल. एनव्हिडियाचे ५०६० टीआय मुद्दाम सुचवत नाही, कारण ते आठच लेन वापरते आणि पीसीआयई ३.० वर तुम्हाला त्याची झळ बसू शकते. उरलेल्या पैशात १४४०पी मॉनिटर बघा.

मनीषनगर_वरचा_मजला

पटले. शनिवारी सीताबर्डीत प्रोसेसर शोधतो. तो बसवल्यावर जुन्याच कार्डावर हीच चाचणी पुन्हा करीन आणि ७२०पी चा आकडा किती वर सरकला ते पाहूनच कार्डाची ऑर्डर देईन. संगणक आजच कूलरसमोरून हलवून आतल्या भिंतीला लावला आहे.