कुळवृत्तांत नसेल तर?

आपल्या घराण्याची वंशावळ कशी शोधायची, या प्रश्नावर वर बहुतेकांनी कुळवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या माहितीची छापील पुस्तकं, सुचवलेत. पण आमच्यासारख्या आगरी घरांचं काय? आमचा कुठलाच छापील कुळवृत्तांत नाही. मी कळव्याचा, आजोळ उरणकडचं. मला कामाला आले ते तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी. वारस नोंदीचा फेरफार काढलात की मयताचं नाव, मुलं, लग्न झालेल्या मुली असं सगळं एका कागदावर मिळतं. पणजोबांच्या बहिणीचं नाव मला तिथेच कळलं. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं!

दुसरं म्हणजे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. जुनी पानं मोडीत असतात, त्यामुळे मोडी वाचणारा माणूस आधी गाठा. नाहीतर माझ्यासारखं 'धर्मा'चं 'कर्मा' वाचून दोन महिने भलत्याच घराण्यामागे फिराल.

शोधताना जिल्ह्याचं, तालुक्याचं जुनं नाव लक्षात ठेवा. 1981 पूर्वीचं पनवेल-उरणचं बहुतेक 'कुलाबा' (आताचा रायगड) जिल्ह्यात, आणि ठाण्याच्या जुन्या कागदांत 'साष्टी' लिहिलेलं असतं. नवी मुंबईकरांनी सिडकोच्या भूसंपादनाचे निवाडे घरात शोधावेत, खातेदारांची नावं त्यात असतात. साडेबारा टक्क्यांच्या (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोनं भूखंड द्यायची योजना) फायलीत आमच्या मामाकडे अख्खी वंशावळ निघाली, तीही स्टॅम्प पेपरवर.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या (यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या पिढ्यांची नावं त्यात लिहिलेली असतात) मात्र मी अजून पाहिलेल्या नाहीत. कुणी गेलं असेल तर सांगा, गावाच्या नावावरून शोधतात की आडनावावरून?