मदत हवी आहे : जीएम लेबलबद्दल गावात विचारायचं कसं? सगळे नुसतं 'हो' म्हणतात

रावेकर_अकोट
नमस्कार मंडळी. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रावेसाठी (गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायचा अभ्यासक्रम) अकोट तालुक्यात एका गावात मुक्काम आहे. 'जनुकीय बदल केलेल्या (जीएम) अन्नाच्या पाकिटावर तसं छापावं का?' हा माझा सर्व्हेचा विषय. प्रश्नावली घेऊन फिरतोय, पण सगळा कागद 'हो'नंच भरतोय. एका काकूंनी तर माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "छाप ना बाप्पा, छापायले काय जाते?" त्याच घरी तेल मात्र दुकानातून सुटं येतं, कॅनमध्ये. पाकीटच नाही तर छापणार कुठं?

दुसरे एक काका म्हणाले, "माह्या वावरात चोर बीटी हाय, त्याचं बिल कोनी देल्लं नाही, अन् तू मले तेलाच्या पुड्याचं इचारतं?" (चोर बीटी म्हणजे परवानगी नसलेलं, बिलाशिवाय मिळणारं कापसाचं जीएम बियाणं.) याला हो धरू की नाही?

एका आजोबांनी उलट मलाच विचारलं, म्हैस सरकीची ढेप खाते, मग दुधावरही छापणार का. मी गप्प.

तीन गोष्टी सांगा. आपल्याकडे कायदा काय आहे? सरकीचं तेल यात येतं का? आणि प्रश्न कसा विचारला म्हणजे खरं मत कळेल? गाईड सर म्हणतात टक्केवारी काढ आणि मोकळा हो. पण असल्या टक्केवारीत अर्थ वाटत नाही.

कापूसकोंड्या
कायद्याचं सांगतो. वजनमापाच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर वरच्या बाजूला 'जीएम' छापणं आलं. असं पाकीट मी तरी दुकानात पाहिलेलं नाही. पुढं एफएसएसएआयनं (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) नोव्हेंबर २०२१ मध्ये वेगळा मसुदा काढला. एखाद्या घटकात जीएमचा अंश एक टक्का किंवा जास्त असेल तर लेबल, असं त्यात होतं. २०२२ मध्ये तो मसुदा सुधारून पुन्हा आला.

सरकीचा मामला मजेशीर आहे. आपल्याकडे परवानगी मिळून शेतात आलेलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस (बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला), २००२ पासून. तो अन्न म्हणून कुणी लावत नाही, पण सरकी तेलघाण्यावर जाते आणि तेल फरसाणात उतरतं. रिफाईंड केल्यावर तेलात त्या जनुकाचं प्रथिन जवळपास उरत नाही, ते ढेपेत जातं. युरोपात तरीही छापावं लागतं, कारण तिथं पीक जीएम होतं का एवढंच बघतात. चुकून मिसळलं असेल तर ०.९ टक्क्यांपर्यंत माफ. अमेरिकेत २०२२ ला सक्ती आली तेव्हा तपासणीत बदललेलं जनुक सापडत नसेल तर सूट ठेवली होती. आजोबांना सांग, ढेप खाणाऱ्या म्हशीच्या दुधाला युरोपातही लेबल लागत नाही.

वऱ्हाडी_ताई
मी सर्व्हेची कामं करते म्हणून तिसऱ्या प्रश्नावर बोलते. 'माहिती हवी का' विचारलं की माणूस 'नको' म्हणेल कशाला? अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठानं २०१५ च्या सुरुवातीला लोकांना विचारलं होतं, 'डीएनए असलेल्या अन्नावर लेबल सक्तीचं करावं का?' ८० टक्के हो म्हणाले. डीएनए तर भेंडीतही असतो आणि ज्वारीतही! जीएमला होकार ८२ टक्के होता, म्हणजे फरक दोनच टक्क्यांचा.

तर भाऊ, जीएम हा शब्द पहिल्या पानावर आणूच नको. आधी मोकळं विचार : पाकीट घेताना काय बघता? किंमत, तारीख, हिरवा ठिपका? पाकिटावर आणखी काय हवं होतं? इथं जीएम आपणहून कोण काढतं ते मोज. तो आकडा बहुधा फार लहान येईल आणि तोच तुझ्या कामाचा. मग पैशांचं विचार : लेबल लावल्यानं किलोमागे पाच रुपये वाढले तर चालेल का? दहा वाढले तर? चोर बीटीवाल्या काकांना हो-नाहीत कोंबू नको. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं उतरव. तुझ्या अहवालात वाचण्यासारखं तेच असेल.

सातपुड्याखालचा
काकांचं काय चुकलं? २०१० च्या जानेवारीत बीटी वांग्याची जनसुनावणी नागपुरात झाली, फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी वांग्याला स्थगिती दिली. २०१९ मध्ये तुझ्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं उघडपणे एचटीबीटी (तणनाशक सहन करणारं, परवानगी नसलेलं, म्हणजे काकांचं चोर बीटी) पेरलं. आमच्या भागात हा विषय बियाण्याचा आहे, ताटाचा नंतर. बियाण्याच्या पाकिटावर खरं छापलंय का, हेही एकदा विचारून पाहा. लोक अर्धा तास बोलतील.

रावेकर_अकोट
ताई, दादा, मनापासून आभार. बियाण्याचा प्रश्न घालतोच. अजून एक अडचण : बऱ्याच घरी दुपारी म्हातारी माणसंच असतात, त्यांना वाचता येत नाही. त्यांना लेबल कसं दाखवू?

वऱ्हाडी_ताई
चिन्ह काढून ने. हिरवा ठिपका न वाचता कळतो ना, तसं. फक्त लाल रंग आणि त्रिकोण वापरू नको. फवारणीच्या डब्यावरचं लाल चिन्ह गावात सगळे ओळखतात, आणि २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले ते कुणी विसरलेलं नाही. विष समजून उत्तरं देतील.