अँग्झायटीला आईच्या मराठीत काय म्हणायचं?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे पण नुसता शब्दाचा नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय. गेले सात-आठ महिने मला रात्री अडीच-तीनला जाग येते, छातीत धडधडतं, तळहाताला घाम येतो आणि काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं, काय होणार ते मात्र सांगता येत नाही. ईसीजी झाला, थायरॉईड झालं, सगळं नॉर्मल. मग आमच्या फिजिशियननीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि तिथे केसपेपरवर लिहून आलं, जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. गोळ्या चालू आहेत, समुपदेशन चालू आहे, थोडा फरक पण आहे.

आई असते कराडजवळ गावी. तिला सांगायचं ठरवलं आणि तिथेच गाडी अडली. मी म्हटलं, "आई, मला चिंतेचा त्रास आहे." तर ती म्हणाली, "कसली चिंता गं तुला? नोकरी हाय, जावई चांगले हायत, घराचं कर्ज फिटत आलंय." बरोबरच आहे तिचं. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं की भीती वाटते, तर लगेच आवाज बदलला तिचा, "कुणाची भीती? कोण तरास देतंय का? जावई काय बोलले का?" आणि तिसऱ्यांदा मानसिक आजार म्हटलं तर फोनवर रडायलाच लागली. आता मला तिला खोटं सांगायचं नाहीये आणि घाबरवायचंही नाहीये. काय शब्द वापरू?

आणि अजून एक, आमचे मॅनेजर परवा मेलमध्ये लिहितात की ते नवीन डेमो बघायला 'अँक्शस' आहेत, म्हणजे अँग्झायटीचंच विशेषण. ते तर खुशीत होते. मग हा शब्द नक्की आहे तरी काय?

शब्दांच्या_मागे

ताई, आधी मॅनेजरांचं सांगतो कारण ते सोपं आहे. इंग्रजीत अँक्शसच्या पुढे 'अबाउट' आलं की काळजीत असणं, आणि पुढे 'टू' येऊन क्रियापद आलं की उतावीळ असणं, आतुर असणं. हा दुसरा अर्थ काही आपल्याकडच्या लोकांनी चुकून काढलेला नाही, अठराव्या शतकापासून इंग्रजीत चालत आलाय. काही जुन्या वळणाच्या इंग्रजी शिक्षकांना तो आवडत नाही, ते म्हणतात तिथे 'ईगर' लिहा, पण वापर सर्रास आहे. आपल्याकडेही तसंच नाही का, "कधी एकदा भेटतेय असं झालंय" म्हणताना जीवाची थोडी तगमग असतेच की.

आता मूळ शब्द. अँग्झायटी येतो लॅटिनमधून, तिथे 'अँगेरे' म्हणजे आवळणे, गळा दाबणे. त्याच घरातले अँग्विश म्हणजे तीव्र यातना, आणि अँजायना. हो, हृदयाचा अँजायना तोच, छाती आवळल्यासारखी होते म्हणून. आणि मला सगळ्यात भावतं ते हे की संस्कृतातला 'अंहस्' हा शब्द याच मुळाचा आहे. ऋग्वेदात तो पुष्कळदा येतो, या अंहसातून आम्हाला सोडव अशी देवांकडे मागणी असते. त्याचा अर्थ आपण संकट किंवा पाप असा वाचतो, पण शेजारीच 'अंहु' म्हणजे अरुंद असा शब्द आहे, त्यावरून कळतं की मुळात ती अडचण म्हणजे चहूबाजूंनी आवळून आलेली जागा, जिथे श्वास घ्यायला वाव नाही.

आणि चिंता? ती येते चिंत् धातूपासून, म्हणजे विचार करणे. चिंतन तिचंच भावंड. म्हणजे इंग्रजी शब्द गळ्यातून सुरू होतो आणि आपला चिंता डोक्यातून. म्हणून तुम्ही चिंता म्हटलं की आई साहजिकच विचारणार, कसला विचार करतेस. तुमच्या त्रासात विचार नंतर येतो, धडधड आधी येते. शब्दच उलट्या बाजूने निघालाय तर पोचणार कसा?

काळजी तर त्याहून वेगळी. ती काळजावरून आलेली, तिच्यात माया आहे. "काळजी घे" आणि "काळजी करू नको" दोन्ही आपण एकाच फोनवर बोलतो. या शब्दाला आजार म्हणणं आईला पटणारच नाही, तिच्या लेखी ते तिचं कामच आहे.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'दुश्चिंता' असा शब्द आहे, पेपरात 'चिंताविकार' लिहितात. लिहायला ठीक, पण आईला फोनवर दुश्चिंता सांगाल तर ती अजून घाबरेल.

निनाद_७७

सरळ टेन्शन सांगा ना. सगळ्यांना कळतं. माझ्या आजोबांनाही कळतं.

पाऊसवेडी

टेन्शन सांगून बघितलं होतं हो अगदी सुरुवातीला. "टेन्शन घेऊ नको" असं उत्तर आलं आणि विषय संपला. टेन्शन ही आपण 'घेतो' अशी गोष्ट आहे ना, मग न घेणं पण आपल्याच हातात असं सगळ्यांना वाटतं. मी रात्री तीनला उठून काही घेत नाहीये.

राईनकाठी

मी जर्मनीत राहतो, बारा वर्षं झाली. इथे रोजच्या बोलण्यात भीतीला शब्दच 'आंग्स्ट' आहे, पोरगं कुत्र्याला घाबरलं तरी आंग्स्ट आणि परीक्षेची धाकधूक असली तरी आंग्स्ट. आणि 'एंग' म्हणजे अरुंद, शर्ट घट्ट झाला तर एंग, गल्ली चिंचोळी असली तरी एंग. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, वरती दादांनी लिहिलंय त्याच्याशी तंतोतंत जुळतं. हाच आंग्स्ट इंग्रजीत गेला तर तिथे त्याचा अर्थ एकदम भारी झाला, जगण्याबद्दलची खोल अस्वस्थता वगैरे.

मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉईडनी जर्मनमध्ये साधा आंग्स्ट लिहिला होता, इंग्रजी भाषांतरात जेम्स स्ट्रेचींनी त्याचं अँग्झायटी केलं. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड यांचं याच विषयावरचं १८४४ चं पुस्तक आहे, ते इंग्रजीत १९४४ साली आलं तेव्हा शीर्षकात 'ड्रेड' होतं, आणि १९८० च्या भाषांतरात त्याच जागी 'अँग्झायटी' आलं. म्हणजे इंग्रजीलासुद्धा हा शब्द एका दमात सापडला नाही, तेव्हा मराठीत तुमची ओढाताण होतेय यात तुमचं काही कमी नाही. मी स्वतः आईला कधीच नीट सांगू शकलो नव्हतो, ती गेली तेव्हा सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही प्रयत्न करताय ते फार बरं करताय.

माळरान

ताई, मी मराठवाड्यात एका सरकारी दवाखान्यात मानसिक आरोग्याच्या कामात आहे, त्यामुळे हे रोजचंच आहे माझ्यासाठी. आमच्याकडे एक सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, गेल्या दोन आठवड्यांत काय काय झालं ते विचारायचं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस, आणि दहा किंवा त्याच्या पुढे गेलं की डॉक्टरांनी नीट तपासायचं. पहिलाच प्रश्न साधारण असा की चिंता, अस्वस्थता वाटते का. सुरुवातीला मी तसाच वाचून दाखवायचे आणि प्रत्येक बाई हो म्हणायची. पोरीचं लग्न, सोयाबीनचा भाव, पाऊस नाही, चिंता कुणाला नाही सांगा? सगळ्यांनाच आजार आहे असं निघायला लागलं. आणि जिला खरंच त्रास होता ती एक बाई मात्र "न्हाई, मला कशाची चिंता न्हाई" म्हणून उठून गेली. महिन्याभराने तीच परत आली, छातीत दुखतंय म्हणून, ईसीजीची पट्टी काढली, काही नाही. तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "मावशी, जीव घाबरा होतो का?" तर तिने माझा हात धरला आणि तिच्या छातीवर ठेवला, म्हणली हे बघ, हे असं उडतंय रोज, दिवे लागले की. अर्धा तास बोलत होती मग.

तेव्हापासून मी शब्द विचारत नाही, जिवाचं विचारते. जीव घाबरा होतो का, जीव वरखाली होतो का, पोटात गोळा येतो का, घशात काही अडकल्यासारखं होतं का, हातापायाला मुंग्या येतात का. आपल्या भाषेत हे सगळं भरपूर आहे, फक्त एका शब्दात नाहीये.

आणि जे शब्द आहेत त्यांचंही प्रत्येकाचं वेगळं काम आहे. रिझल्टच्या आधी धाकधूक. पोरगं वेळेवर घरी आलं नाही की घोर लागतो. सावकार येईल म्हणून धास्ती. काहीतरी होऊन गेल्यावर मनात बसून राहतो तो धसका. हुरहूर तर फार हळवी, संध्याकाळची, तिच्यासाठी कुणी दवाखान्यात येत नाही. तुमच्या आईला यातला कुठला शब्द स्वतःहून सुचतो ते बघा. तुम्ही शब्द देऊ नका, फक्त रात्री तीनला काय होतं ते जसंच्या तसं सांगा, शब्द तिला देऊ दे.

एक अजून. आई रडली म्हणजे तिला वेड वगैरे वाटलं असणार. तिला सांगा की बीपी-शुगरसारखंच गोळ्या आणि बोलण्याने आटोक्यात येणारं आहे. तिला कुणाशी मराठीत बोलायचं असेल तर टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, घरच्या माणसांनाही चालतो.

शब्दांच्या_मागे

माळरान ताई, तुमचं वाचून माझी सगळी व्युत्पत्ती फिकी पडली. तो हात छातीवर ठेवणं म्हणजे लॅटिन शब्दाचा पूर्ण अर्थच आहे.

पाऊसवेडी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. काल रात्री फोन केला. कुठलाच शब्द वापरला नाही. नुसतं सांगितलं की आई मी रात्री तीनला उठते, जीव घाबरा होतो, पाणी पिते, दाराची कडी बघते, गॅस बघते, परत येऊन झोपते आणि परत उठून कडी बघते. ती गप्पच झाली. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तुझ्या आजीचं असंच व्हायचं. सदुसष्टच्या भूकंपानंतर."

कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. आई तेव्हा लहान होती, आजोळी पाटण भागात. आजीने त्यानंतर कितीतरी वर्षं रात्री दार पूर्ण लावूनच घेतलं नाही म्हणे, कडी काढून ठेवायची, म्हणजे पळता यावं. आणि तीनच्या सुमाराला उठून सगळ्यांच्या अंगावरनं हात फिरवून बघायची. आई म्हणाली, "धसका घेतला होता तिनं. आम्ही कंटाळायचो, झोपू दे की म्हणायचो. कुणी दवाखान्यात न्हेलं न्हाई तिला." आणि मग विचारलं, "तुला कसला धसका बसला गं?" या वेळी मला राग नाही आला त्या प्रश्नाचा. मी म्हटलं मला पण नाही माहीत, डॉक्टरांबरोबर तेच शोधतेय.

माझा धसका आहे का ते मला ठाऊक नाही, आजीसारखं माझ्या बाबतीत काही घडलेलं नाही. पण आईला आता धरायला काहीतरी मिळालंय. पुढच्या गुरुवारी माझी अपॉइंटमेंट आहे, ती बुधवारच्या एसटीने येतेय, म्हणाली डॉक्टरांना आजीचं मी सांगते, तुला नीट सांगता यायचं नाही.